कष्ट निराळे, व्यायाम निराळा

पोरी, विहीणबाई म्हणतात ते माझ्या कानावर आलंय. "दिवसभर घरात एवढं राबतेस, तुला आणखी व्यायाम कशाला?" त्यांचा राग नको धरूस. आमच्या पिढीतल्या निम्म्या बायकांनी हेच म्हटलं असतं, आणि माझ्या सगळ्या नोकरीत, दवाखान्याच्या फिजिओथेरपी विभागात आलेल्या आमवाताच्या बायकांनी मला हेच ऐकवलं. तुला नुकतंच निदान झालंय, औषधं सुरू झालीत, तेव्हा आत्या म्हणून जे सांगायचं ते आत्ताच सांगते. नंतर सवयी पक्क्या होतात.

आधी एक नीट समजून घे. तुझ्या आजीचे गुडघे दुखायचे ती वयाची झीज होती. तुझा आजार तो नव्हे. तुझ्या शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उठली आहे. ते अस्तर सुजतं, जाड होतं, सांध्यात पाणी साठतं, भोवतालचे बंध सैल पडतात आणि औषध वेळेवर मिळालं नाही तर कूर्चा आणि हाड कुरतडलं जातं. झिजेच्या गुडघ्याला सकाळी जरा चाललं की पाचदहा मिनिटांत मोकळीक येते. तुझी बोटं मात्र तासतासभर आखडलेली राहतात. म्हणून शेजारच्या काकूंना ज्या गोष्टीनं बरं वाटलं ती तुला लागू पडेलच असं नाही.

आता राबण्याचं. तू दिवसभर काय करतेस ते मोज. कणीक मळतेस, कपडे पिळतेस, सांडशीनं पातेलं उतरवतेस, भाजीची पिशवी दोन बोटांत अडकवून जिना चढतेस. या सगळ्यात जोर कुठं लागतो? बोटांच्या मुळाशी, अंगठ्यावर, मनगटात. म्हणजे नेमका जिथं तुझा आजार बसलाय तिथं. आणि मांड्या, नितंब, पाठ, दंड, यांच्या वाट्याला काय येतं? उभं राहणं. हृदयाला काय मिळतं? काहीच नाही. सुजलेल्या सांध्यावर दिवसभर ओझं आणि ज्या स्नायूंनी तो सांधा सावरायचा ते तसेच उपाशी, याला मी कष्ट म्हणते. व्यायाम याच्या बरोब्बर उलटा असतो, त्यात सांध्याला सांभाळून स्नायूला कामाला लावायचं असतं.

ओझ्याचा आणि सुजेचा संबंध आहे, हे काही मी मनचं सांगत नाही. डॉक्टरांनी फार पूर्वीच टिपून ठेवलंय की अर्धांगवायू झालेल्या माणसाला पुढं आमवात झाला, तर लुळ्या बाजूचे सांधे पुष्कळदा वाचतात आणि चालत्या बाजूचे सुजतात. बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या संशोधकांनी उंदरांवर पाहिलं. ज्या उंदरांना असा आजार होणार होता त्यांचे मागचे पाय जमिनीला टेकू दिले नाहीत, तर टाचेच्या मागची सूज जवळपास आलीच नाही. म्हणजे आजार रक्तातून येत असला तरी तो बसतो कुठं हे पुष्कळसं ताणावर ठरतं. डावखुऱ्यांचा डावा आणि उजव्यांचा उजवा हात जास्त बिघडलेला मी स्वतः पाहिला आहे.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग पडून राहिलेलंच बरं. जुन्या काळी तेच करायचे. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टर फिलिप हेंच यांनी पहिल्यांदा कॉर्टिझोन दिलं आणि खिळून पडलेली रुग्ण बाई काही दिवसांत चालायला लागली. त्यासाठी १९५० चं नोबेलही मिळालं. पण ते सोडलं तर हाताशी फारसं औषध नव्हतं, त्यामुळे रुग्णाला आठवडेच्या आठवडे खाटेवर ठेवायचे, हातपाय प्लास्टरच्या खोबणीत बांधायचे. सूज जरा उतरायची हे खरं. पण उठून उभं राहायची वेळ आली की मांडीत त्राण नसायचं, गुडघा वाकलेला तो वाकलेलाच राहायचा. माझ्या वेळच्या थोरल्या बाई सांगायच्या की सांधा वाचला आणि माणूस गेला. आमवात स्नायू असाही खातो, तो रोगाचाच भाग आहे. त्यावर पडून राहणं म्हणजे भर घालणं.

पुढं नेदरलँड्समधल्या लोकांनी सोक्षमोक्ष लावला. सुमारे तीनशे रुग्ण घेतले, त्यातल्या निम्म्यांना दोन वर्षं आठवड्यातून दोनदा सव्वा तास चांगला घाम काढणारा व्यायाम दिला. सायकल, ताकदीचे प्रकार, शेवटी खेळ. २००३ मध्ये निकाल आला. ताकद वाढली, रोजची कामं सुधारली, रोगाची सूज वाढली नाही, हातापायांच्या लहान सांध्यांचं नुकसान जास्त झालं नाही. एक अपवाद मात्र लक्षात ठेव. ज्यांचे गुडघे, खुबे किंवा खांदे आधीच बरेच खराब होते, त्यांच्या त्या मोठ्या सांध्यांना दणक्याचा व्यायाम मानवला नसावा, असं दिसलं. म्हणून एक्स-रे न बघता कुणाच्याही सांगण्यावरून उड्या मारायच्या नाहीत. तुझे मोठे सांधे अजून चांगले आहेत, तुला भीती नाही.

व्यायामातली एक गंमत सांगते. तुझ्या आजारात रक्तात इंटरल्युकिन-६ नावाचा पदार्थ वाढलेला असतो, तो सूज पेटती ठेवतो, त्याला अडवणारी महागडी इंजेक्शनं आहेत. आणि कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन बाईंनी दाखवलं की राबणारा स्नायू हाच पदार्थ स्वतः सोडतो! पण तो थोडा वेळ वाढतो आणि उतरतो, आणि त्याच्या पाठोपाठ सूज शमवणारे पदार्थ रक्तात येतात. तोच पदार्थ, पण दिवसरात्र ठिबकणं वेगळं आणि तासाभराची उसळी वेगळी.

आता काय करायचं ते. पहाटे उठून फिरायला जा असं तुला दहा जण सांगतील. ऐकू नकोस. सुजेचे पदार्थ रात्रीच्या उत्तरार्धात वाढतात, म्हणून सकाळी आखडतं. त्या वेळी सांध्यावर जोर टाकायचा नाही. उठल्यावर अंथरुणातच बोटं हळूहळू उघडमीट कर, मनगटं, घोटे फिरव, मग गरम पाण्यानं आंघोळ कर. आंघोळीच्या बादलीत हात बुडवून बोटं हलवलीस तरी पुष्कळ मोकळीक येते. ताकदीचा व्यायाम दहा-अकराच्या पुढं किंवा संध्याकाळी, जेव्हा तुझं अंग तुझं वाटतं तेव्हा.

किती करायचं याला आमचा एक जुना दंडक आहे. व्यायामानंतर दोन तासांनीही आधीपेक्षा जास्त दुखत असेल तर जास्त झालं, पुढच्या खेपेला कमी कर. बंद करू नकोस, कमी कर. हा दंडक दोन्हीकडे चालतो. दोन आठवडे काहीच दुखलं नाही तर थोडं वाढव. आणि स्नायूचं दुखणं आणि सांध्याचं दुखणं यांतला फरक ओळखायला शीक. मांडीच्या मधोमध भरून आल्यासारखं दुखलं तर ते चांगलं लक्षण. गुडघ्याच्या खळग्यात ठणकलं, सांधा गरम लागला, तर ते सुजेचं. हात लावून पाहायचं. कपाळाला लावतो तसा तळहाताच्या मागच्या बाजूनं सांधा चाचपायचा, दोन्ही बाजूंची तुलना करायची.

ताकदीसाठी सगळ्यात चांगला व्यायाम खुर्चीचा. हात छातीशी धरायचे, खुर्चीतून उठायचं, सावकाश बसायचं. आठदहा वेळा. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत, तेव्हाच त्याचा उपयोग. अगदी सोपं जायला लागलं की खुर्ची थोडी ठेंगणी घे. हाताच्या व्यायामाला मुठीत डंबेल धरू नकोस, वाळूचे पट्टे मिळतात ते मनगटाच्या वर बांध. रबरी पट्टा ओढायचा तर तोही बोटांत न धरता कोपराखाली गुंडाळ. भिंतीला जोर काढायचे तर तळवे न टेकता कोपरापर्यंतचे हात टेक. असं केलंस की बोटांना न शिवता खांदा, छाती, दंड तिन्हींना काम मिळतं. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून.

चालणं मात्र रोज. आठवड्याला दीडशे मिनिटं भरली पाहिजेत. एकदम नाही जमलं तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे कर, बेरीज तीच येते. वेग असा ठेव की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. हे पायांसाठी आहे असं समजू नकोस. आमवातात हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दीडपट असतो, कारण तीच सूज रक्तवाहिन्यांनाही लागते. आणि ज्या थकव्यानं तू दुपारी कोलमडतेस तो झोपेनं जात नाही, चालण्यानं थोडा तरी हटतो. पहिला महिना विश्वास बसणार नाही.

बोटांचा व्यायाम वेगळा शिकून घ्यावा लागतो. लोक चेंडू दाबायला सांगतात. सूज असताना कडक चेंडू जोरानं दाबलास तर बोटं करंगळीच्या बाजूला ढकलली जातात, आणि आमवातात ती पुढं तिकडंच वाकतात. विलायतेत ४९० रुग्णांवर हातांच्या व्यायामाची चाचणी झाली, २०१५ मध्ये छापून आली. सांधे सगळ्या दिशांना फिरवायचे सात प्रकार आणि ताकदीचे चार, प्रशिक्षित माणसानं शिकवून, हळूहळू वाढवत नेलेले. वर्षभरानं हाताचं काम सुधारलेलं होतं, वेदना मात्र दोन्ही गटांत सारखीच राहिली. मला तो निकाल प्रामाणिक वाटतो. व्यायामानं दुखणं जाईल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस, हात कामाला राहील एवढं सांगणाऱ्यावर ठेव.

आणि सूज भडकलेली असेल तेव्हा? तो एक सांधा विसावा मागतो, तू सगळी नाही. मनगट गरम, लाल, फुगलेलं असेल तर त्याला पट्टीचा आधार दे, पण पाय चालू दे. सुजलेला सांधासुद्धा दिवसातून एकदोनदा, जोर न लावता, जाईल तिथपर्यंत हळूच हलवायचा. गुडघा सुजला असेल तर झोपल्या झोपल्या टाच गादीत दाबायची, मांडी घट्ट करायची, पाच मोजायचे, सोडायचं. सांधा हलत नाही, मांडी जागी राहते.

इथंच एक सांगून ठेवते, कारण हे प्रत्येक घरात चुकतं. गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही. सुजलेल्या गुडघ्यात पाणी असतं, थोडा वाकवला की आतला दाब कमी होतो म्हणून बरं वाटतं. आई, मुलगी, नवरा, सगळे प्रेमानं उशी सरकवतात. पाचसहा आठवड्यांत तो गुडघा तसाच वाकून बसतो आणि मग सरळ करायला आमच्यासारख्यांना महिने घालवावे लागतात. आधार हवाच तर घोट्याखाली, तोही थोडा वेळ.

आता स्वयंपाकघर. कणीक मळायचं यंत्र घे. जावईबापूंना सांग, औषधाइतकंच ते गरजेचं आहे. भाकरी तुला सोडवणार नाही हे मला माहीत आहे, आपण सातारकडची माणसं. पण ज्वारीचं पीठ तळहाताच्या मुळानं रगडताना सगळा भार वाकलेल्या मनगटावर येतो, ते रगडणं दुसऱ्या कुणाकडून करून घे, थापायची तर तू थाप. सांडशी बंद, कानांचं पातेलं दोन्ही हातांनी फडक्यात धर. पातेलं भरून उचलण्याऐवजी शेगडीवर ठेवून तांब्यानं पाणी ओत. झाकण ओल्या फडक्यात धरून तळव्यानं फिरव, चिमटीनं नाही. कपडे पिळायचे नाहीत, निथळत टाकायचे. खुर्चीतून उठताना मुठी टेकून उठतेस ते मी पाहिलंय, त्यानं बोटांची मुळं चेपतात, तळवा टेक. पिशवी बोटांतून काढ, खांद्याला लाव. आणि तो मोबाइल करंगळीवर तोलून अंगठ्यानं टाइप करणं, त्याला आमच्या काळात उत्तर नव्हतं, तुमच्या काळात टेबल आहे.

सगळ्यात वाईट दिवस दिवाळीच्या आधीचे. बरं वाटतंय म्हणून माळा आवरायचा, दोन किलोच्या चकल्या सोऱ्यानं पाडायच्या, आणि लक्ष्मीपूजनाला हात उचलत नाही. सोऱ्या दाबताना अंगठा आणि मनगट दोन्ही पिचतात, त्याच्याइतका वाईट प्रकार आमवाताला दुसरा नाही. चकली विकत आणली तर लक्ष्मी रुसत नाही. आणि ज्या दिवशी छान वाटेल त्या दिवशीही नेहमीएवढंच कर. चांगल्या दिवशी दुप्पट आणि पुढचे चार दिवस अंथरुणात, असं चालवणाऱ्या बायका वर्षाअखेर मागंच पडलेल्या मी पाहिल्या.

योगासनांबद्दल तू विचारशीलच. आपल्या जिल्ह्यात तर औंधच्या पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळाशाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले, त्यामुळे ते आपल्या रक्तात आहेत. तुझ्यासाठी जमिनीवरचे नकोत. तळवे टेकून अंग तोलायचं असतं, मनगट नव्वद अंशात मोडतं. भिंतीशी किंवा खुर्चीच्या आधारानं घाल. पुण्याच्या अय्यंगार गुरुजींनी खुर्च्या, पट्टे, लाकडी ठोकळे वापरून आसनं शिकवण्याची जी रीत घातली, ती तुझ्यासारख्यांच्या सोयीची आहे. फक्त शीर्षासन, सर्वांगासन, हलासन कायमचं बाद. आमवातात मानेच्या सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमधला बंध सैल होऊ शकतो. मान खाली घालताना पाठीतून करंट गेल्यासारखं झालं, हातांना मुंग्या आल्या, तर लगेच डॉक्टरांना सांग. कधी शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्यांनाही.

पायांच्या चवड्याखाली गोटे टोचल्यासारखं होतं म्हणालीस. ती बोटांच्या मुळांची सूज. घरात फरशीवर अनवाणी फिरू नकोस. कोल्हापुरी चपला लग्नापुरत्या ठेव, रोज जाड मऊ तळव्याच्या आणि पुढून रुंद घाल.

औषधाचं माझं काम नाही, पण एक ठणकावून सांगते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं. रोजची समजून घेतलेली गोळी जिवावर बेतते, कॅलेंडरवर वार गोल करून ठेव. दुसऱ्या दिवशी पुष्कळांना मळमळतं, गळून जातं. तो दिवस नुसत्या चालण्याचा. आणि कुणी सांध्यावरची गुणकारी पुडी दिली तर घेऊ नकोस, असल्या पुड्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं निघतं. त्यानं दोन दिवसांत उभारी येते, माणूस चार पट काम करतो, सांध्याचं आत काय चाललंय ते कळतच नाही. व्यायामही औषधाची जागा घेत नाही. हाड कुरतडणं थांबवतं ते औषध. व्यायाम उरलेलं सगळं सांभाळतो.

तुझ्या दिराचं वेगळं आहे, त्याला हे सगळं जसंच्या तसं सांगू नकोस. पंचविशीत पाठ आखडणं, रात्री तीन वाजता दुखण्यानं जाग येणं, उठून फेऱ्या मारल्या की बरं वाटणं, हे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. त्याला विश्रांतीनं वाढतं आणि हालचालीनं उतरतं. त्यानं कडक अंथरुणावर पातळ उशी घेऊन झोपावं, रोज पंधरा-वीस मिनिटं पालथं पडावं, भिंतीला टाचा आणि पाठ लावून डोकं टेकतंय का ते पाहावं, छाती पूर्ण फुगवून श्वास घ्यावा, कारण या आजारात बरगड्यांचे सांधेही आखडतात. पोहायला मिळालं तर उत्तम. विडी-सिगारेट ओढत असेल तर तू बोल त्याच्याशी, माझं ऐकणार नाही. मोटारसायकलवरून खड्ड्यांतून गावोगाव फिरणं मात्र त्यानं कमी केलेलं बरं, पाठ कडक झालेल्या माणसाचा मणका पडल्यावर सहज मोडतो.

शेवटी हे चिकटवून ठेव फ्रिजवर. आमवाताची सूज बहुधा दोन्ही बाजूंना, एकापेक्षा जास्त सांध्यांत येते. एकच सांधा एकाएकी टरारून फुगला, लालबुंद झाला, हातसुद्धा लावू देत नाही, सोबत ताप किंवा थंडी वाजली, तर ती नेहमीची भडकलेली सूज समजून टाच दाबत, शेकत घरी बसू नकोस. सांध्यात जंतूंचा संसर्ग असू शकतो, आणि पू काही दिवसांतच सांधा खाऊन टाकतो. तुझ्या गोळ्यांमुळे ताप कमीही दिसेल. त्याच दिवशी दवाखाना गाठ, रात्र असली तरी.